स्लोव्हेनिया: आयुष्यातली पहिली युरोप ट्रिप, सोबत आई-बाबा आणि लेक, मे अखेर. प्लॅन तपासून द्या

घाटमाथा:
मंडळी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात स्लोव्हेनियाला जायचं ठरतंय. आमच्यापैकी कोणीही आजवर युरोपात पाऊल टाकलेलं नाही. मी, बायको, लेक (चौथीतून पाचवीत जाणार) आणि आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबा ठणठणीत आहेत, आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. जो भेटतो तो विचारतो की स्वित्झर्लंड-पॅरिस सोडून हे काय खूळ काढलंत, तर खूळ लेकीचं आहे, तिने तळ्याच्या मधोमध चर्च असलेला फोटो कुठेतरी पाहिला आणि तेव्हापासून तेच.

ओळखीतल्या एका टूरवाल्याने असा प्लॅन करून दिलाय: व्हेनिस २ रात्री, ब्लेड १, लुब्ल्याना १ (मध्ये जाताजाता पोस्तोयनाची गुहा), मग क्रोएशियात प्लिटवित्से आणि झाग्रेब मिळून २, शेवटी व्हिएन्ना २ आणि परत. त्याचं म्हणणं स्लोव्हेनिया केवढासा देश, दीड दिवस पुष्कळ झाला.

प्रश्न: हा प्लॅन जमेल का? व्हिसा कोणाकडे मागायचा? गाडी घ्यावी की बस-ट्रेन? आईच्या जेवणाचं काय? आणि गुहेत तिला नेता येईल का?

ओलीवाट:
आधी तो प्लॅन फाडा.

देश लहान आहे हे खरंच, वीस हजार चौरस किलोमीटरच्या जरा वर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण सव्वापट, आणि लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास. पण त्या एवढ्याशा जागेत वरच्या बाजूला आल्प्स, खाली चुनखडीचा गुहांनी पोखरलेला पट्टा, कोपऱ्यात समुद्र आणि पूर्वेला द्राक्षमळ्यांच्या टेकड्या असं सगळं आहे. अंतरं कमी म्हणून दीड दिवसात उरकायचं की अंतरं कमी म्हणून निवांत बघायचं, एवढाच प्रश्न आहे. सत्तरीतले आई-बाबा असताना मी तरी दुसरं निवडेन. दर दिवसाआड बॅगा भरा, चेकआऊट करा, स्टेशन गाठा, पुन्हा चेकइन, यात अर्धा दिवस जातोच, आणि युरोपात चेकइन दुपारी दोन-तीनशिवाय देत नाहीत, तोवर आईंना घेऊन कुठे बसणार?

माझं मत विचाराल तर व्हिएन्ना आणि क्रोएशिया दोन्ही काढा. तीन मुक्काम धरा: लुब्ल्याना, ब्लेड किंवा बोहिन्यचं तळं, आणि समुद्राकडे पिरान. व्हेनिस फारच मनात असेल तर शेवटी एखादी रात्र.

हिशेबनीस:
+१ आणि व्हिसाच्या बाजूनेही ओलीवाट म्हणतात तेच बरं पडेल. शेंगेनचा (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा) नियम असा की ज्या देशात मुख्य मुक्काम त्याच्याकडे अर्ज, आणि मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून पहिल्यांदा आत शिरणार त्याच्याकडे. तुमच्या आत्ताच्या प्लॅनमध्ये इटली २, स्लोव्हेनिया २, क्रोएशिया २, ऑस्ट्रिया २, म्हणजे सगळे बरोबरीत आणि प्रवेश व्हेनिसमधून. म्हणजे स्लोव्हेनियाच्या ट्रिपसाठी इटलीकडे अर्ज, झाली ना गंमत! (क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तो वेगळा व्हिसा लागत नाही, जुन्या ब्लॉगवर वेगळं लिहिलेलं दिसेल.)

स्लोव्हेनियात जास्त रात्री ठेवल्यात की अर्ज सरळ त्यांच्याकडे. त्यांचा दूतावास नवी दिल्लीत आहे, पुण्या-मुंबईच्या लोकांनी अर्ज नेमका कुठल्या केंद्रात द्यायचा ते दूतावासाच्या साइटवरच बघा, कोणाच्या व्हॉट्सॅपवर नको. फी मोठ्यांना ९० युरो (जून २०२४ पासून), ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण मे म्हणजे आपल्याकडे अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते तेव्हा फेब्रुवारीतच हलवा.

कागदपत्रांत लोक कुठे अडकतात ते सांगतो. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना लागू असलेला हवा, आई-बाबांच्या वयाला प्रीमियम जास्त बसेल पण त्यात काटकसर करू नका. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला. आई-बाबांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, तुमचं बँक स्टेटमेंट, आयटीआर, आणि नातं दाखवणारा कागद. कव्हरिंग लेटरमध्ये दिवसवार प्लॅन लिहा आणि तो हॉटेल बुकिंगशी तंतोतंत जुळू द्या. तिथे एक रात्र इकडेतिकडे झाली की प्रश्न सुरू. बुकिंग रद्द करता येण्यासारखंच करा, व्हिसा हातात पडेपर्यंत.

तांबडीचटणी:
जेवणाचं मी सांगते. आईंची उपासमार होणार नाही पण त्यांना रोज बाहेर जेवायला मिळेल ही आशा सोडा. रोजच्या स्लोव्हेनियन जेवणात मांस फार, सॉसेज, हॅम, आणि नुसतं भाजीचं वाटणारं सूपही पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. सॉवरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि घेवड्याची योता म्हणून आमटी असते, तिच्यातसुद्धा बहुतेक वेळा डुकराचा तुकडा. म्हणून नुसतं ‘व्हेज?’ विचारू नका, ‘ब्रेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, आणि ‘ब्रेझ याय्त्स’ म्हणजे अंड्याशिवाय. फोनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि दाखवा, लोक शांतपणे वाचतात आणि नाही असेल तर सरळ नाही सांगतात.

श्त्रुक्ली म्हणून चीज भरलेल्या उकडलेल्या गुंडाळ्या सगळे सुचवतील पण पिठात नाहीतर सारणात अंडं असतं. ब्लेडची प्रसिद्ध क्रीमची पेस्ट्री, क्रेमश्निता, तीत तर अंडं आहेच. आईंना चालेल असं म्हणजे आय्दोवी झ्गान्त्सी, बकव्हीटच्या पिठाची घट्ट उकड, तिच्यावर मांसाचे तळलेले कण न घालता ताक किंवा दह्याबरोबर मागायची. बकव्हीट म्हणजे आपला कुट्टू, त्यामुळे उपासाच्या थालीपिठाची चव ओळखीची वाटेल. पिझ्झा सगळीकडे, इटली शेजारीच. लुब्ल्यानात भारतीय रेस्टॉरंटंही आहेत.

खरा उपाय म्हणजे किचन असलेलं अपार्टमेंट. पाच माणसांना हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा स्वस्तही पडतं. तांदूळ, मूगडाळ, मसाले, भाजके पोहे, कोरड्या चटण्या इथून न्या, छोटा कुकर न्या. पण लक्षात ठेवा, दूध आणि मांसाचे कुठलेही पदार्थ भारतातून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे तूप नाही, पेढे-बर्फी नाही, पनीर नाही. मे महिना आहे म्हणून कोणासाठी हापूसची पेटी नेऊ असा विचार मनात आला तर तोही काढून टाका, आणि कढीपत्त्याची जुडीही नको. लोणी, दही, दूध तिथे उत्तम मिळतं, लोण्याचं तूप तिथेच कढवा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, रविवारी दुकानं बंद. २०२० साली कायदा झालाय, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सुपरमार्केट उघडत नाहीत, पेट्रोल पंपावरची किंवा स्टेशनातली छोटी दुकानं तेवढी चालू. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवा नाहीतर रविवारी पाच जणांना रेस्टॉरंटचं बिल भरा.

म्युनिकचा_मुकादम:
मी म्युनिकला असतो, स्लोव्हेनिया आमच्यासाठी लाँग वीकेंडचं ठिकाण त्यामुळे जाणं-येणं असतं. विमानाचं म्हणाल तर मुंबईहून थेट लुब्ल्याना नाही. त्यांची स्वतःची एअरलाइन आद्रिया २०१९ मध्ये बुडाली, तेव्हापासून त्या विमानतळावर दुसऱ्यांचीच विमानं. फ्रँकफर्ट, झुरिक, इस्तंबूल अशी एक थांबा घेऊन जाता येतं. फ्रँकफर्ट किंवा झुरिकमार्गे गेलात तर शेंगेनचं इमिग्रेशन तिथेच होतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झालीय त्यामुळे रांगा लांबतात. कनेक्शनला सव्वा तास वगैरे दिसला तर घेऊ नका, तीन तास ठेवा. आईंसाठी व्हीलचेअर तिकिटातच सांगून ठेवा, गुडघ्यांना आराम आणि पाचही जण बरेचदा पटकन पुढे जातात.

विमानतळ ब्र्निकला, लुब्ल्याना आणि ब्लेडच्या साधारण मधेच, त्यामुळे कुठेही आधी गेलात तरी चालतं.

गाडी घ्याच असं मी म्हणेन, पाच माणसं आहात. पण ती विमानतळावर उतरल्याउतरल्या नको, लुब्ल्यानाचे दिवस संपले की घ्या. गावाचा मधला भाग गाड्यांना बंद आहे, पार्किंगचे पैसे फुकट जातील. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढा, १००० रुपये फी आहे. मोटरवेवर विन्येता (टोलचा पास) लागतो, आता काचेवर चिकटवायचा नसतो, नंबरवर ऑनलाइन असतो, सात दिवसांचा साधारण १६ युरो. भाड्याच्या गाडीला तो आधीच असतो का ते काउंटरवर विचारा, नसला तर दंड जबरी. दिवसाढवळ्याही हेडलाइट चालू ठेवायचे. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडकवतात आणि कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. गिअरची सवय नसेल तर ऑटोमॅटिक आधीच बुक करा, तिथे साधी गाडी म्हणजे गिअरचीच, आणि गिअर उजव्या हाताला.

खिडकीची_जागा:
मुकादम साहेब, पहिल्याच ट्रिपला उजव्या बाजूने गाडी, मागे आई-बाबा, शेजारी बायको नकाशा घेऊन! नवरा-बायकोच्या संसाराचा विचार करा हो.

गाडीशिवाय आरामात होतं. लुब्ल्यानाहून ब्लेडला बस सव्वा तासात थेट तळ्याजवळ सोडते. ट्रेनने जाणार असाल तर लेस्त्से-ब्लेड स्टेशन तळ्यापासून चारेक किलोमीटर लांब आहे, पुढे लोकल बस. पोस्तोयनाला ट्रेन तासाभरात, गुहा मात्र स्टेशनपासून दीडदोन किलोमीटर, टॅक्सी करा.

आणि एक ट्रेन अशी आहे की तिच्यासाठी मी परत जाईन. येसेनित्सेहून नोव्हा गोरित्साकडे जाणारी, १९०६ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत सुरू झालेली लाइन. ब्लेडच्या तळ्याजवळून जाते, बोहिन्यस्का बिस्त्रित्साच्या पुढे सहा किलोमीटरच्या वर लांब बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर आलं की डोंगराची दुसरीच बाजू, मग सोचा नदी डावी-उजवीकडे करत राहते. नदीचा रंग फोटोत बघून वाटतं की कोणीतरी फिल्टर लावलाय, तसं काही नसतं. शेवटी सोल्कानचा पूल, ८५ मीटरची एकच दगडी कमान, रेल्वेच्या दगडी कमानींत जगात सगळ्यात मोठी. पुलावरून जाताना तो दिसत नाही ही अडचण आहेच, त्यासाठी नोव्हा गोरित्साला उतरून थोडं मागे चालत यावं लागतं. गाड्या दिवसातून मोजक्याच त्यामुळे परतीची वेळ आधी बघा.

आईंना चालायचं नाही आणि खिडकीतून सगळं बघायचंय, तर याहून चांगलं काय?

म्युनिकचा_मुकादम:
ट्रेन छान आहे मान्य, पण पावसात पाच जण बसस्टॉपवर छत्र्या धरून उभे, त्याचाही विचार करा. मे अखेरीस दुपारनंतर डोंगरात गडगडाट ठरलेला असतो. बोहिन्यकडे पाऊस तर विचारू नका.

सह्यवेडा:
दोघंही बरोबर, मधला मार्ग काढा. लुब्ल्याना आणि पोस्तोयना गाडीशिवाय, तळ्यांच्या भागात तीन-चार दिवस गाडी.

मी मात्र ब्लेडपेक्षा बोहिन्यला राहा म्हणेन. ब्लेडला मे-जूनमध्ये सकाळी दहानंतर बसच्या बस रिकाम्या होतात, सेल्फी स्टिक आणि पार्किंगचा गोंधळ. बोहिन्य तिथून अर्ध्या-पाऊण तासावर, ट्रिग्लाव नॅशनल पार्कमध्ये, ब्लेडच्या दुप्पट मोठं तळं आणि काठावर हॉटेलांची भिंत नाही. पाण्यावर विजेवर चालणारी बोट आहे, रिब्चेव्ह लाझच्या दगडी पुलापासून उकान्त्सपर्यंत, आईंना त्यात बसवा. उकान्त्सजवळून व्होगेलचं रोपवे १५३५ मीटरवर नेतं, गुडघ्यांना शून्य त्रास आणि वरून तळं आणि समोर ट्रिग्लाव (२८६४ मीटर, त्यांच्या झेंड्यावर आहे तो). रोपवे वसंतात देखभालीला बंद असतं, तुमच्या तारखांना चालू आहे ना तेवढं बघा. साविचा धबधबा मात्र आईंनी टाळावा, पाचशेच्या वर पायऱ्या.

विंतगारची घळ, लाकडी पुलांवरून खळाळत्या पाण्यालगत चालायचं, १८९३ पासून लोकांसाठी खुली, तुम्हाला आणि लेकीला जबरदस्त आवडेल. पण हल्ली एकाच दिशेने सोडतात आणि परतीची वाट वेगळी, चढउताराची. आई-बाबांना त्या सकाळी तळ्याकाठी बसवा आणि तुम्ही तिघं जा. तिकीट वेळेचं असतं, ऑनलाइन आधी घ्या.

व्रशिचचा घाट मनात असेल तर १६११ मीटर उंची, दोन्ही बाजूंची मिळून पन्नास वळणं, प्रत्येक वळणावर नंबराची पाटी. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला रस्ता, १९१६ च्या मार्चमध्ये हिमकडा कोसळून त्यातले शेकडो कैदी गेले, वाटेत त्यांच्या नावाचं लाकडी प्रार्थनाघर आहे. वरंधा-ताम्हिणी चालवणाऱ्याला अवघड नाही, पण लेकीला गाडी लागत असेल तर उलटीच्या पिशव्या ठेवा.

घाटमाथा:
बापरे, एवढी माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. प्लॅन फाडला हो. व्हिएन्ना, झाग्रेब, प्लिटवित्से रद्द, टूरवाला नाराज झालाय पण असो.

गाडीवरून घरात दोन तट पडलेत. बायको खिडकीची_जागा यांच्या बाजूने. बाबा म्हणतात घाट बघायचाच.

ब्लेडच्या बेटावर आई जाऊ शकेल का? लेकीचा सगळा जीव त्या चर्चमध्ये. आणि गुहेबद्दल कोणी सांगितलं नाही अजून. पोस्तोयना की श्कोत्सियान?

बाकावरची_बाई:
मी मुलांना घेऊन गेलेय, सांगते.

बेटावर जायला प्लेत्ना नावाच्या सपाट तळाच्या, वर छत असलेल्या होड्या असतात, नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी चालवतो, तळ्यात मोटरबोटींना बंदी असल्यामुळे वल्ह्याचा आवाज तेवढा येत राहतो. बसताना तो वजन दोन्हीकडे सारखं करायला लावतो, तुला इकडे, तुला तिकडे, त्यामुळे कुटुंब एका बाजूला बसेलच असं नाही. बेटावर उतरलं की समोरच ९९ पायऱ्या. लग्नात नवऱ्या मुलाने नवरीला उचलून त्या चढायच्या अशी रीत आहे. आईंनी चढायलाच हवं असं नाही, खाली काठावर बसायला जागा आहे, होडी तुम्हाला थोडा वेळ देऊन मग परत नेते. वर चर्चमध्ये दोर ओढून घंटा वाजवायची आणि इच्छा मागायची, मुलं त्यासाठी रांग लावतात, आणि तो दोर दिसतो तेवढा हलका नाही, माझ्या धाकट्याला लोंबकळावं लागलं.

गुहेचं म्हणाल तर तुमच्या कुटुंबाला पोस्तोयना. श्कोत्सियान जास्त भव्य आहे, युनेस्कोच्या यादीत १९८६ पासून, खाली गर्जत जाणारी नदी आणि तिच्यावर पंचेचाळीसेक मीटर उंचीवरून जाणारा पूल, पण पायऱ्या फार आणि आत फोटोही काढू देत नाहीत. पोस्तोयनात आत जायला चक्क आगगाडी आहे, १८७२ पासून, तेव्हा गाईड लोक हाताने ढकलायचे. उघडी, खेळण्यातल्यासारखी गाडी, दोन किलोमीटर आत नेते, मग दीडेक किलोमीटर चालणं, चढउतार आहे पण वाट सिमेंटची आणि कठडा धरायला. आत बारा महिने १० अंश, आणि गाडी सुटली की तो गार वारा थेट कानात शिरतो. आईंना स्वेटर, मफलर, मोजे. मुंबईच्या मे महिन्यातून गेलेल्या माणसाला ते १० अंश पुण्याच्या डिसेंबरसारखे नाही वाटत, जास्तच वाटतात.

आत प्रोटियस आहे, गुहेतल्या अंधाऱ्या पाण्यात राहणारा सॅलॅमँडर, लेकीला आधीच सांगून ठेवा. फिकट गुलाबी, बोटभर जाडीचा, वीतभर लांबीचा, डोळे कातडीखाली मिटलेले, गळ्याजवळ लाल कल्ल्यांचे झुपके. वर्षानुवर्षं न खाता राहतो आणि शंभर वर्षांपर्यंत जगतो म्हणतात. २०१६ साली तिथल्या टाकीत त्याच्या अंड्यांतून पिल्लं निघाली तर ती मोठी बातमी झाली होती. उजेड त्याला सोसत नाही म्हणून टाकी अंधारातच, काचेला नाक लावून थोडा वेळ थांबावं लागतं मग दिसतो. बरेच लोक न थांबता पुढे जातात.

जवळच, नऊ किलोमीटरवर, प्रेद्यामाचा किल्ला, कड्याच्या तोंडात बांधलेला. आत पायऱ्या आहेत, आईंनी समोरच्या अंगणातून बघितला तरी पैसे वसूल. तिथल्या एराझेम नावाच्या सरदाराची आख्यायिका मुलांना सांगा, वेढा वर्षभर चालला, गुप्त वाटेने तो ताजी फळं आणून शत्रूवर फेकायचा, आणि शेवटी नोकराने फितुरी केल्यावर शौचकूपात बसलेला असताना तोफेचा गोळा लागून मेला. पाचवीतल्या मुलीला याहून चांगला इतिहास कोणी शिकवणार नाही.

ओलीवाट:
लुब्ल्यानाबद्दल कोणी लिहिलंच नाही, सगळे डोंगरात पळाले. दोन-तीन रात्री नक्की ठेवा. मधला भाग चालणाऱ्यांसाठीच, आईंना चालवत नसेल तर कावालिर नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या फिरत असतात, फुकट, हात केला की थांबतात. किल्ल्यावर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी. नदीकाठच्या बाजाराचे खांब, तीन पुलांची जोडणी, राष्ट्रीय ग्रंथालय हे सगळं योझे प्लेच्निक नावाच्या एकाच वास्तुरचनाकाराचं, २०२१ मध्ये त्याचं काम युनेस्कोच्या यादीत गेलं. बाजारात दुधाचं मशीन आहे, नाणं टाका आणि बाटली भरा, पण ते कच्चं दूध, उकळून घ्या.

शुक्रवारी तिथे असाल तर पोगाचार चौकात उघड्यावरचा खाद्यबाजार भरतो, हवा चांगली असली तरच.

मुख्य चौकात पुतळा आहे तो राजाचा किंवा सेनापतीचा नाही, फ्रान्से प्रेशेरेन या कवीचा. ८ फेब्रुवारी, त्याच्या मृत्यूचा दिवस, तिथे सांस्कृतिक दिन म्हणून सरकारी सुट्टी, आणि राष्ट्रगीतही त्याच्याच कवितेतलं कडवं. आपण २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा गौरव दिन करतो, सुट्टी मात्र नाही.

नळाचं पाणी सगळीकडे पिता येतं, गावात जागोजागी प्यायच्या पाण्याचे नळ. २०१६ मध्ये त्यांनी पिण्याच्या पाण्याचा हक्क घटनेतच घातला. बाटल्या विकत घेऊ नका.

तांबडीचटणी:
अवांतर: २० मे हा जागतिक मधमाशी दिन, तो स्लोव्हेनियाच्याच मागणीवरून संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये मान्य केला. अंतोन यान्शा नावाच्या त्यांच्या मधुपालाच्या नावाने. मध आणा, आईंनाही चालेल. जुन्या पोळ्यांच्या फळ्यांवर गमतीदार चित्रं रंगवायची पद्धत होती, रादोव्ल्यित्सा गावात त्याचं छोटंसं म्युझियम आहे, ब्लेडपासून अगदी जवळ. पावसाच्या दुपारी तिथे जा.

घाटमाथा:
असं ठरतंय बघा. फ्रँकफर्टमार्गे लुब्ल्याना, तिथे ३ रात्री, त्यातच एक दिवस पोस्तोयना-प्रेद्यामा टॅक्सी करून. मग गाडी घेऊन बोहिन्यला ४ रात्री अपार्टमेंटमध्ये, तिथूनच एका सकाळी लवकर ब्लेड. बायकोची ती ट्रेन आम्ही दोघं-तिघं जाऊ आणि बाबांचा घाट दुसऱ्या दिवशी, हवा बघून. शेवटी पिरानला २ रात्री, लेकीला समुद्रही हवाय. गाडी परत ब्र्निकला.

व्हेनिस नाही! आईच म्हणाली, एवढ्या लांब जाऊन पुन्हा गर्दीतच का फिरायचं.

म्युनिकचा_मुकादम:
उत्तम. पिरानला गाडी गावात नेऊ देत नाहीत, बाहेर फोर्नाचे नावाचं गॅरेज आहे, तिथे लावा आणि फुकट बसने तार्तिनी चौकात उतरा. सामान कमी असेल असं बघा, गल्ल्या दगडी आणि चढाच्या, आईंसाठी खोली तळमजल्यावरची किंवा चौकाजवळचीच घ्या. संध्याकाळी सेचोव्ल्येची मिठागरं दाखवा बाबांना.

आणि पासपोर्ट रोज जवळ ठेवा. शेंगेन असलं तरी इटलीने ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासणी सुरू केलीय, पिरानहून त्रिएस्तला चक्कर मारावीशी वाटली तर लागेल. भाड्याची गाडी सीमेपार नेणार असाल तर आधी कंपनीला कळवा. आमच्या एका मित्राला न कळवल्याचा भुर्दंड बसला होता.

हिशेबनीस:
९ रात्री स्लोव्हेनियात, इतरत्र एकही नाही. व्हिसाच्या दृष्टीने याच्याइतका स्वच्छ अर्ज नाही. राहण्याच्या जागी पर्यटक कर वेगळा, डोई रोजचे दोन-तीन युरो, मुलांना कमी. बुकिंगच्या रकमेत नसतो, रोख मागतात कधीकधी.

खिडकीची_जागा:
बोहिन्यस्का बिस्त्रित्साहून त्याच लाइनवर गाडीसकट ट्रेनमध्ये चढून मोस्त ना सोचीला उतरता येतं. गाडीत बसूनच बोगदा पार. म्हणजे बायकोची ट्रेन आणि बाबांचा घाट एकाच दिवशी गोल करून होईल, जाताना ट्रेन, येताना कोबारिद-बोवेत्स-व्रशिच. दिवस लांबलचक होईल पण मे अखेरीस साडेआठपर्यंत उजेड असतो.

घाटमाथा:
आई ग्ग! गाडीसकट ट्रेन! लेकीला सांगितलं तर चर्च विसरली. वेळापत्रक शोधतोय. आईला विचारलं तर म्हणाली मी त्या दिवशी घरीच थांबते, तुमचं गोल फिरणं झालं की या, मी आमटी-भात करून ठेवते.

तांबडीचटणी:
आईंना दंडवत. फक्त तो दिवस रविवार नको, भाजी आदल्या दिवशीच आणावी लागेल.